तक्रारीच्या आधी
दृष्टिपटलाचे आजार, दृष्टीचे कार्य आणि आपला जिल्हा

मोतीबिंदू झालेला माणूस आज ना उद्या आपल्या पायांनी दवाखान्यात येतो. दिसणे धूसर होते, उन्हात डोळे दिपतात, दारात उभा असलेला नातू ओळखू येत नाही. मग घरचेच त्याला शिबिराच्या गाडीत बसवून देतात. शस्त्रक्रिया होते आणि गेलेली नजर परत येते. अंधत्वाविषयीची आपली समज गेल्या चार-पाच दशकांत या एकाच आजाराने घडवली आहे. नजर गेली तर डॉक्टर ती परत आणून देतात, असा विश्वास गावागावांत रुजला. मोतीबिंदूपुरता तो खराही आहे.

डोळ्याच्या पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या आजारांना हा हिशेब लागू पडत नाही. पडदा दुखत नाही, लाल होत नाही, त्यातून पाणी गळत नाही. मधुमेहाने त्याच्या केशवाहिन्या वर्षानुवर्षे झिरपत असतात आणि तोच माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ बिनचूक वाचून दाखवतो. तो तक्रार घेऊन येतो तोवर पडद्याचा मोठा भाग कामातून गेलेला असतो, आणि मेलेल्या चेतापेशी पुन्हा जिवंत करण्याचा उपाय आजच्या वैद्यकापाशी नाही. म्हणून या क्षेत्रातल्या दीडशेहून अधिक वर्षांच्या संशोधनाची दिशा एकच राहिली आहे: तक्रारीच्या आधी पोहोचायचे कसे? हा संग्रह त्या प्रश्नाभोवती उभा आहे, आणि तो यवतमाळ जिल्ह्यातून विचारला आहे.

नव्या वाचकासाठी आधी पडद्याची ओळख. डोळ्याच्या मागच्या बाजूला, आतल्या भिंतीवर पसरलेला हा चेतापेशींचा पापुद्रा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. गर्भात तो मेंदूच्या ऊतीपासूनच वाढतो. त्या अर्थाने डोळ्यात उतरलेला तो मेंदूचाच भाग आहे. त्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन जातींच्या. दंडपेशी मंद उजेडात काम करतात. त्यांची संख्या नऊ कोटींच्या वर आहे. शंकुपेशी साठ लाखांच्या आसपास. भरपूर उजेड, रंग आणि बारकावे हे त्यांचे काम. पडद्याच्या मध्यभागी मॅक्युला नावाचा छोटासा प्रदेश आहे. वाचणे, सुईत दोरा ओवणे, चेहरा ओळखणे ही सगळी कामे त्याच्या भरवशावर चालतात. कोट्यवधी पेशींनी टिपलेला संदेश अखेर दहा लाखांहून अधिक तंतूंच्या एका दृष्टिचेतेतून मेंदूकडे जातो.

या पापुद्र्याला ऑक्सिजनची भूक फार मोठी. त्यामुळे रक्तपुरवठ्यात जरा बिघाड झाला की पहिला फटका त्याला बसतो. यावरून आजारांची घराणी लक्षात येतात. रक्तवाहिन्यांच्या घराण्यात मधुमेह, रक्तदाब, शीर बंद पडणे, सिकलसेल आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा आजार येतात. पेशींच्या झिजेच्या घराण्यात उतारवयातली मॅक्युलाची झीज आणि पिढ्यांतून उतरणारा रातांधळेपणा. तिसऱ्या घराण्यात पडदा फाटणे किंवा जागेवरून सरकणे. चौथे घराणे बाहेरून येणाऱ्या इजेचे: संसर्ग, विषारी द्रव्ये, काही औषधे, ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव.

या क्षेत्राचा इतिहास दोन वाटांनी चालत आला आहे, आणि दोन्ही वाटा एकाच सुमारास फुटल्या. १८५१मध्ये हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण, ऑफ्थॅल्मोस्कोप, जगापुढे मांडले. जिवंत माणसाचा पडदा वैद्याला प्रथमच दिसू लागला. पुढच्या काही वर्षांतच व्हिएन्नात एडवर्ड येगर यांनी मधुमेही रुग्णाच्या पडद्यातले बदल नोंदवले आणि बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफ यांनी पडद्याची मुख्य धमनी अडल्याचे वर्णन केले. ही रचना पाहण्याची वाट. दुसरी वाट दिसणे मोजण्याची. उत्रेख्तच्या हेर्मान स्नेलन यांनी १८६२मध्ये अक्षरांचा तक्ता तयार केला, आणि ‘मला कमी दिसते’ या वाक्याला आकड्याचे रूप मिळाले. स्वीडनच्या फ्रिथियोफ होल्मग्रेन यांनी १८६५मध्ये बेडकाच्या डोळ्यावर प्रकाश पडताच उठणारा विजेचा प्रतिसाद नोंदवला. आज आपण ज्याला ईआरजी म्हणतो त्या तपासणीचे ते मूळ. दंडपेशी आणि शंकुपेशी कशा काम करतात, ‘अ’ जीवनसत्त्व त्यात काय करते, हे उलगडणाऱ्या राग्नार ग्रानिट, हाल्डन हार्टलाइन आणि जॉर्ज वॉल्ड यांना १९६७चे नोबेल मिळाले.

रचनेची वाट पुढे फार वेगाने रुंदावली. लोझानच्या ज्युल गोनँ यांनी पडदा सरकण्याचे कारण त्याच्या फाटीत असते हे दाखवून ती फाट बंद करण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. त्याआधी पडदा सरकला की अंधत्व जवळजवळ अटळ होते. १९६१मध्ये इंडियाना विद्यापीठातल्या हॅरॉल्ड नोव्होटनी आणि डेव्हिड आल्विस या दोन तरुणांनी हाताच्या शिरेत फ्लुरोसिन हे रंगद्रव्य सोडून पडद्यातल्या रक्तप्रवाहाची छायाचित्रे काढली; कुठली वाहिनी गळते आणि कुठली बंद आहे हे दिसू लागले. १९९१मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटाने ओसीटी हे तंत्र मांडले. डोळ्याला न शिवता पडद्याचा थर न् थर उभ्या छेदासारखा दिसू लागला, आणि सूज मायक्रॉनमध्ये मोजता येऊ लागली.

या दोन वाटांना पुढे येऊन मिळालेली तिसरी परंपरा उपचारांच्या चाचण्यांची. तिच्यामुळे नेत्रवैद्यक अनुभवाच्या भरवशावरून पुराव्याच्या पायावर आले. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने सत्तरच्या दशकात मधुमेही दृष्टिपटलविकाराची चाचणी घेतली. सतराशेहून अधिक रुग्ण होते. प्रत्येकाच्या एका डोळ्याला, चिठ्ठी टाकल्यासारखी यादृच्छिक निवड करून, लेझरसारख्या प्रखर प्रकाशाचे उपचार दिले आणि दुसरा डोळा तसाच ठेवला. एकाच माणसाचे दोन डोळे एकमेकांशी ताडले गेल्यामुळे साखर, वय, रक्तदाब यांचा घोळ आपोआप मिटला. १९७६मध्ये निष्कर्ष आला: या उपचाराने गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून अधिक घटतो. पुरावा इतका स्पष्ट होता की उपचार न दिलेल्या डोळ्यांनाही तो देण्यासाठी चाचणीचा आराखडा बदलण्यात आला. संशोधनाची नीती आणि संशोधनाची शिस्त एकत्र कशी नांदतात, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

नव्या शतकात डोळ्यात द्यायची इंजेक्शने आली. नव्या वाहिन्या फोफावायला लावणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाला ती रोखतात. रॅनिबिझुमॅबच्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २००६मध्ये प्रसिद्ध झाले आणि मॅक्युलाच्या ओल्या झिजेत, म्हणजे नव्या वाहिन्या गळतात त्या प्रकारात, प्रथमच असे दिसले की दृष्टी नुसती टिकत नाही, पुष्कळांची सुधारते. पण औषध महाग होते. त्याच कुळातले, कर्करोगासाठी बनवलेले बेव्हासिझुमॅब त्याच्या अगदी थोड्या किमतीत पडत असे. दोघांची समोरासमोर तुलना करण्याचे काम सार्वजनिक पैशातून झालेल्या ‘कॅट’ या चाचणीने केले. २०११मध्ये तिने सांगितले की सारख्याच अंतराने दिल्यास दृष्टीवरचा परिणाम दोन्हींचा सारखा आहे. स्वस्त औषधाची चाचणी घेण्यात कोणत्याही कंपनीला रस नसतो, समाजाला असतो. विदर्भातल्या रुग्णासाठी हा धडा पुस्तकी नाही. मात्र एका कुपीतून अनेक मात्रा काढताना निर्जंतुकतेची काळजी तितकीच कडक लागते, हेही त्याच धड्यात येते.

रचना आणि कार्य या दोन वाटांमधला ताण आजही मिटलेला नाही, आणि या क्षेत्रातले विचारप्रवाह तिथेच वेगळे होतात. ओसीटीवर सूज उतरलेली दिसते आणि रुग्ण म्हणतो, ‘डॉक्टर, मला काही फरक नाही.’ कधी उलट होते: चित्र खराब आणि माणूस आपली कामे नीट करतो. चित्रांवर विसंबणारे म्हणतात, चित्र खोटे बोलत नाही आणि बदल आधी दाखवते. कार्य मोजणारे म्हणतात, रुग्ण चित्रासाठी येत नाही, दिसण्यासाठी येतो. दुसऱ्या मताच्या लोकांनी दिसण्याची व्याख्याच विस्तारली. १९८८मध्ये डेनिस पेली आणि जॉन रॉब्सन यांनी फिकट होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता केला. त्यावर अक्षराचा आकार तोच राहतो, उठाव कमी होत जातो. दृष्टिक्षेत्र, अंधाराला सरावण्याचा वेळ, पडद्याच्या एकेका बिंदूची संवेदना यांची मोजमापे आली. आरपीई-६५ या जनुकातल्या दोषावरच्या जनुकोपचाराला अमेरिकेत २०१७च्या डिसेंबरमध्ये मान्यता मिळाली. त्या चाचणीत मुख्य कसोटी अक्षरांच्या तक्त्याची नव्हतीच. वेगवेगळ्या उजेडात, अडथळे मांडलेल्या वाटेवरून रुग्ण चालून जातो का, हे पाहिले गेले.

आपल्याकडे हा विचार अधिक गंभीरपणे करण्याची गरज आहे. ज्येष्ठातला किंवा आषाढातला निंदणाचा दिवस आठवा. पऱ्हाटीचे रोप हिरवे आणि तणही हिरवे. एकातून दुसरे वेगळे काढायला अक्षराच्या आकाराची नजर पुरत नाही, उठावाची लागते. दिवेलागणीला शेतातून परतताना बांधावरचे जनावर दिसायला दंडपेशी शाबूत लागतात. ज्या बाईचे तक्त्यावरचे वाचन ‘सहा-नऊ’ येते आणि तिला निंदण जमेनासे झाले आहे, तिच्या फायलीत ‘दृष्टी चांगली’ असेच लिहिले जाते. तिची मजुरी बुडते त्याची नोंद कुठेच होत नाही. भारतीय रुग्णांच्या रोजच्या जगण्यातून प्रश्न घेऊन तेहतीस प्रश्नांची एक दृष्टिकार्य-प्रश्नावली देशात तयार झाली. तिचे क्षेत्रीय परीक्षण २००५मध्ये प्रसिद्ध झाले. कामकाज, मनावरचा परिणाम आणि दिसण्यातल्या तक्रारी असे तिचे तीन भाग आहेत. अशी साधने आपल्या बोलीत, आपल्या कामांना धरून घडवणे हे पुढच्या पिढीचे काम आहे.

भारतातल्या संशोधनाकडे वळू. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी मदुरैला गोविंदप्पा व्यंकटस्वामी यांनी अरविंद नेत्र रुग्णालय उभारले. १९७८मध्ये चेन्नईत शंकर नेत्रालय आणि १९८७मध्ये हैदराबादला एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था आली. या संस्थांनी दोन गोष्टी केल्या: उपचार मोठ्या संख्येने आणि परवडेल असे दिले, आणि रुग्णालयाची भिंत ओलांडून गावात मोजणी केली. नव्वदच्या दशकात आंध्र प्रदेशात दहा हजारांहून अधिक माणसांची तपासणी झाली. नव्या शतकाच्या सुरुवातीला चेन्नईतल्या दोन अभ्यासांत शहरी मधुमेहींपैकी साधारण १८ टक्क्यांच्या पडद्यावर विकार आढळला. ग्रामीण तमिळनाडूत तो १० टक्क्यांच्या घरात निघाला. मुंबईत धारावीसारख्या वस्त्यांतल्या अभ्यासात तो १५ टक्क्यांच्या आसपास होता. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्मार्ट इंडिया’ या देशव्यापी अभ्यासाने चाळिशीपुढच्या मधुमेहींमध्ये १२.५ टक्के विकार आणि ४ टक्के दृष्टीला थेट धोका असलेला विकार नोंदवला. आकडे वेगवेगळे दिसतात, कारण माणसे, वय आणि तपासण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. हा फरक वाचता येणे ही संशोधन वाचण्याची पहिली पायरी आहे.

आपल्या सर्वांत जवळचा मोठा अभ्यास नागपूरचा. सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाचे डॉ. योस्ट योनास यांनी २००६ ते २००८ या काळात नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या आठ गावांत ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ केला. तिशीपुढच्या ५,८८५ पात्र गावकऱ्यांपैकी ४,७११ जण, म्हणजे ८० टक्के, सहभागी झाले. नमुन्यातला इतका मोठा वाटा तपासणीला येणे कोणत्याही देशातल्या संशोधकाला हेवा वाटावा असे आहे. दोन निष्कर्ष आपल्याला विशेष बोलतात. मधुमेही दृष्टिपटलविकार त्या काळात शंभर गावकऱ्यांमागे एकापेक्षाही कमी होता. ग्रामीण विदर्भात मधुमेहच तेव्हा थोडा होता. ती आधाररेषा आज अमोल आहे, कारण बदल मोजायचा तो तिच्यापासून. दुसरा निष्कर्ष रेटिनायटिस पिग्मेंटोझाचा. जगात साधारण चार हजारांमागे एकाला असणारा हा आनुवंशिक विकार या गावांत सुमारे साडेसातशे माणसांमागे एकाला आढळला. रुग्णांची संख्या लहान असल्याने आकडा जपून वापरावा लागतो. तरीही नात्यातल्या लग्नांची रीत, घरातले एकाहून अधिक रातांधळे आणि जनुकीय तपासणीचा अभाव हे प्रश्न त्याने टेबलावर आणले.

यवतमाळ जिल्ह्याचे स्वतःचे प्रश्न यापुढे सुरू होतात. सोळा तालुके, २०११च्या जनगणनेनुसार २७ लाखांवर लोकसंख्या, कापसावर उभी अर्थव्यवस्था. गोंड, कोलाम, परधान, बंजारा अशा समाजांची मोठी वस्ती. यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण पडद्याच्या गुंतागुंतीच्या उपचारासाठी वणीचा रुग्ण नागपूरकडे वळतो, उमरखेडचा नांदेडकडे. जिल्ह्याचा रुग्ण असा दहा रुग्णालयांच्या नोंदींत विखुरतो आणि जिल्ह्याचे चित्र कुणाच्याच हाती राहत नाही.

पहिला प्रश्न सिकलसेलचा. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. या आजारात विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक वाहिन्या बुजवतात. पडद्यात ही बुजण्याची क्रिया सुरुवातीला अगदी कडेला होते. मॅक्युला शाबूत राहतो म्हणून तक्त्यावरची दृष्टी सहा-सहा येते, आणि एखाद्या दिवशी कडेच्या नव्या नाजूक वाहिन्या फुटून डोळ्यात रक्त उतरते. मॉर्टन गोल्डबर्ग यांनी १९७१मध्ये या प्रवासाच्या पाच पायऱ्या मांडल्या. जगभर आजही त्याच वापरतात. या आजाराचे दीर्घकाळचे ज्ञान मुख्यतः जमैकातून आले, ग्रॅहम सर्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मापासून पाहिलेल्या मुलांच्या अभ्यासातून. तिथे पडद्याचा तीव्र विकार सिकलसेलच्या ‘एससी’ या प्रकारात अधिक आढळला. आपल्याकडे तो प्रकार दुर्मीळ आहे. इथल्या रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त असते आणि आजाराची ठेवणही वेगळी. मग पडदा किती जणांचा, कोणत्या वयात बिघडतो? पहिली तपासणी कितव्या वर्षी करावी? जमैकाचे उत्तर उसने घेऊन चालणार नाही. ते घाटंजी, केळापूर, झरी-जामणीच्या मुलांना पाहूनच मिळेल.

दुसरा प्रश्न अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा. नवजात अतिदक्षता कक्षांमुळे दीड किलोची बाळे आता जगतात, आणि त्यांचा पडदा पूर्ण वाढलेला नसतो. पाश्चात्त्य देशांत हा आजार फार लहान बाळांत दिसतो. भारतात तुलनेने मोठ्या वजनाच्या बाळांतही दिसतो. म्हणून आपले राष्ट्रीय निकष दोन किलोपेक्षा कमी वजन किंवा ३४ आठवड्यांपेक्षा कमी दिवस असे रुंद ठेवले आहेत आणि पहिली तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत सांगितली आहे. तान्ह्या बाळाला तक्रार करता येत नाही. आई-बापांना शंका येते तोवर उपचाराची वेळ निघून गेलेली असते. कर्नाटकात २००८पासून ‘किड्रॉप’ प्रकल्पाने प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि फिरता कॅमेरा जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवून हे काम ग्रामीण भागात शक्य असल्याचे दाखवले आहे.

तिसरा प्रश्न फवारणीचा. २०१७च्या हंगामात या जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजुरांचा जीव गेला आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले; दिसेनासे झाल्याची तक्रारही त्यांतल्या काहींनी केली. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषाने बाहुली आकसते आणि नजर अंधुक होते, हा तात्कालिक परिणाम वैद्यकाला ठाऊक आहे. पण वर्षानुवर्षे पाठीवर पंप घेणाऱ्याच्या पडद्याचे काय? अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या एका मोठ्या अभ्यासातून २०००मध्ये बुरशीनाशकांचा वापर आणि पडद्याची झीज यांचा संबंध पुढे आला. आपल्या पऱ्हाटीवर मारली जातात ती औषधे, मिश्रणे आणि मारण्याची पद्धत वेगळी आहे. हा प्रश्न यवतमाळने विचारायचा नाही तर कुणी?

चौथा प्रश्न सर्वांत मोठ्या संख्येचा, मधुमेहाचा. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासाने देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला. त्यांच्या बिघडलेल्या पडद्याचा उपचार कोणत्या पद्धतीने करावा यावर जगात वाद आहे. पडद्यावर वाढलेल्या नव्या वाहिन्यांसाठी इंजेक्शने लेझरइतकीच परिणामकारक ठरतात, असे २०१५च्या एका मोठ्या चाचणीने दाखवले. पण चाचणीतला रुग्ण वेळेवर येतो. फिलाडेल्फियाच्या विल्स आय हॉस्पिटलमधल्या २०१९च्या अभ्यासात, मध्येच येणे बंद केलेल्या रुग्णांपैकी इंजेक्शनवर असलेल्यांचे डोळे लेझर झालेल्यांपेक्षा अधिक बिघडलेले निघाले. मृग लागला की पेरणी, दिवाळीपासून वेचणी. या वेळापत्रकात दर महिन्याला नागपूर गाठणे किती जणांना जमते? उत्तम उपचार कोणता, याचे उत्तर इथे औषधाच्या गुणाबरोबर एसटीच्या फेऱ्यांवर आणि बुडालेल्या मजुरीवरही अवलंबून आहे. असा अभ्यास करणाऱ्या शाखेला अंमलबजावणीचे संशोधन म्हणतात. तिला आजवर दुय्यम मानले गेले. तिला मानाचे पान मिळावे असे मला मनापासून वाटते.

हे सगळे आत्ताच का? कारण साधने दाराशी आली आहेत. २०१६मध्ये गूगलच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या आणि भारतातल्या छायाचित्रांवर शिकवलेली संगणकप्रणाली मधुमेही पडदा तज्ज्ञाच्या तोडीने ओळखते असे दाखवले. २०१९मध्ये मुंबईत डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांनी महापालिकेच्या दवाखान्यांत, आरोग्यसेवकाने स्मार्टफोनच्या कॅमेऱ्याने काढलेली छायाचित्रे इंटरनेटशिवाय फोनवरच तपासणारी प्रणाली वापरून पाहिली. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांच्या तपासणीचे तिचे उद्दिष्ट आहे. रक्त तपासलेल्या प्रत्येक रुग्णाचा पडदाही पाहायचा ठरवले तर आपल्या हाती अशी माहिती येईल जी आज जगात कुणापाशी नाही. पण यंत्राने धोका सांगितल्यावर उपचार करणारा हात जवळ नसेल, तर तपासणी ही नुसती वाईट बातमी ठरते. तंत्र आणि सेवा जोडीने यायला हवीत.

संशोधन वाढेल तशी जबाबदारीही वाढेल. भारतात चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७पासून आहे आणि २००९पासून चाचणीची नोंद सक्तीची झाली. कायद्याची चौकट आहे. तिच्यात प्राण भरायचा तो पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या, माणसाशी बोलताना. कोलामी बोलणाऱ्या आजीला मराठी संमतिपत्रावर अंगठा मागणे म्हणजे संमती घेणे नव्हे. चाचणी म्हणजे काय, नाही म्हटले तरी उपचार थांबणार नाहीत, आणि निघालेले उत्तर तिच्या गावाला परत कळवले जाईल, हे तिला तिच्या भाषेत समजले पाहिजे. ज्यांनी डोळे तपासू दिले त्यांना निष्कर्ष कधी कळतच नाहीत, ही या क्षेत्राची जुनी थकबाकी आहे.

आता या संग्रहाविषयी. तो वैद्यकीय विद्यार्थी, नेत्रचिकित्सा अधिकारी, तालुक्याला दवाखाना चालवणारे डॉक्टर, आशाताई आणि जिज्ञासू वाचक या सर्वांना एकत्र बसवण्याचा प्रयत्न करतो. उपचारांचे हस्तपुस्तक होण्याचा त्याचा हेतू नाही. एखादा निष्कर्ष वाचनात आला की तो कुठल्या माणसांवर, काय मोजून, किती काळ पाहून काढला, हे विचारण्याची सवय वाचकाला लागावी, हा पहिला हेतू. रचना आणि कार्य, रुग्णालय आणि गाव, चाचणी आणि सेवा या जोड्या एकमेकींच्या विरोधात उभ्या न करता एकत्र वाचता याव्यात, हा दुसरा. काही लेख जुन्या शोधांकडे परत जातात, काही पद्धती समजावतात, काही थेट या जिल्ह्याचे प्रश्न मांडतात. मतभेद आहेत तिथे ते तसेच ठेवले आहेत. नव्या वाचकाला एकमताचा खोटा दिलासा देण्यापेक्षा खरा वाद दाखवणे अधिक उपयोगाचे.

तिसरा हेतू सर्वांत महत्त्वाचा. या जिल्ह्याने आजवर मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांना रुग्ण दिले. आता त्याने संशोधनाला प्रश्न द्यावेत. त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागतेच असे नाही. प्रत्येक मधुमेही आणि सिकलसेलग्रस्त माणसाच्या कागदावर पडद्याच्या शेवटच्या तपासणीची तारीख लिहिली जावी, नवजात कक्षातून घरी जाणाऱ्या प्रत्येक बाळाच्या कार्डावर पुढच्या तपासणीचा दिवस असावा, आणि कोण आले, कोण आले नाही, का आले नाही, याची नोंद तालुक्याच्या पातळीवर एका ठिकाणी राहावी. एवढे काम आज असलेल्या माणसांनिशी आणि साधनांनिशी सुरू करता येते. चांगले संशोधन अशा साध्या, प्रामाणिक नोंदींवरच उभे राहते. त्या नोंदी कोणत्या कराव्यात आणि त्या वाचाव्यात कशा, हे शिकणारी माणसे या जिल्ह्यात तयार व्हावीत म्हणून हा संग्रह.